सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे

मुसलमान समाजावर संकट आले की त्याला दोन सल्ले मिळतात. घरातील वडीलधारी आणि मशिदीतील बुजुर्ग सांगतात, "सब्र करो." मोहल्ल्यातील तरुण पोरे विचारतात, "और कितना?" कोठे गाडी अडवून मारहाण झाली, कोठे मोबाईलवरील एका स्टेटसवरून दुकाने फुटली, कोठे कुणाच्या घरावर बुलडोझर आला, की हे दोन आवाज एकमेकांवर आदळतात. पहिला आवाज पोराला मान खाली घालून जगायला लावतो. दुसरा आवाज त्याला थेट पोलिसांच्या गाडीत नेऊन बसवतो. या दोहोंच्या मध्ये तिसरी वाट आहे. ती इस्लामच्या इतिहासात आहे आणि आंबेडकरी चळवळीच्या इतिहासातही आहे. ती दाखविण्यासाठी आम्ही आज लेखणी हाती घेतली आहे.

कोणी म्हणेल, तुम्ही बौद्ध, त्यातून वकील. मुसलमानांना धर्म शिकवणारे तुम्ही कोण? प्रश्न रास्त आहे. फतवा देणे, आयतीचा अर्थ लावणे हा उलेमांचा अधिकार. त्यात आम्ही हात घालणार नाही. परंतु ज्या समाजाने शतकानुशतके या व्यवस्थेचा मार खाल्ला आणि मग उभे राहायला शिकला, त्या समाजाला आज मार खाणाऱ्याशी दोन शब्द बोलण्याचा हक्क आहे. कोर्टाच्या व्हरांड्यात धर्म वेगळा दिसत नाही. जामीन फेटाळला की आमच्या वस्तीतली आई आणि मोहल्ल्यातली अम्मी एकाच बाकावर पदर डोळ्याला लावून बसतात.

चोखोबांच्या तालुक्यातून

आम्ही देऊळगाव राजाचे. गावात बालाजीचे मोठे देवस्थान, शेजारी माँसाहेब जिजाऊंचे सिंदखेड राजा, आणि आमच्याच तालुक्यात मेहुणा राजा, जे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाते. खडकपूर्णा धरणाच्या जलाशयाला म्हणूनच संत चोखासागर हे नाव आहे. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला, त्यांच्या नावाच्या पाण्यावर आज सगळ्या जातींची शेते भिजतात!

चोखोबांच्या अंगी धीर कमी होता काय? आयुष्यभर विठ्ठलाचे नाव घेतले, विटाळ मानणाऱ्यांना अभंगातून जाब विचारला, पण देवळाची पायरी ओलांडू दिली गेली नाही. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून ते गेले. पंढरपुरात समाधी झाली, तीही महाद्वाराबाहेर. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळाविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला. आदर पूर्ण दिला. पण वाट मात्र पायरीशी थांबण्याची धरली नाही. ती वाट त्यांनी महाडच्या तळ्याकडे वळवली.

चोखोबांचा धीर वाया गेला असे आम्ही म्हणत नाही. धीराला लढ्याची जोड मिळाली नाही तर तो पायरीशीच राहतो, एवढेच आमचे म्हणणे आहे. आणि लढ्याला धीराची जोड मिळाली नाही तर तो दोन दिवसांत भडकून विझतो.

इस्लाममधला सब्र कसा आहे?

'सब्र' या शब्दाचा अर्थ आपल्याकडे 'सोसत राहा' असा करून टाकला आहे. इस्लामचा इतिहास काय सांगतो ते पाहावे. मक्केत प्रेषित मुहम्मद पैगंबरांनी सुमारे तेरा वर्षे छळ सोसला. सामाजिक बहिष्कारही सोसला. बहिष्कार म्हणजे काय हे आंबेडकरी वाचकाला समजावून सांगायला नको. परंतु त्या तेरा वर्षांत त्यांनी आपले म्हणणे सांगणे एक दिवसही थांबवले नाही. हात उचलला नाही आणि तोंड बंद ठेवले नाही, हा मक्केतला सब्र.

हजरत बिलाल हे हबशी गुलाम. तापलेल्या वाळूवर निजवून छातीवर दगड ठेवला, तरी "एकच ईश्वर" हा शब्द त्यांनी सोडला नाही. पुढे त्यांनाच पहिल्या अजानचा मान मिळाला. ज्याला माणूस मानत नव्हते त्याचा आवाज सर्वांत उंच ठिकाणावरून ऐकू आला. जगातल्या कोणत्याही दलिताला हा प्रसंग आपला वाटेल.

वकील म्हणून आम्हाला सर्वांत जवळचा वाटतो तो हजरत जाफर यांचा प्रसंग. मक्केतील छळाला कंटाळून काही मुसलमान समुद्र ओलांडून हबशा देशात, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या प्रदेशात, ख्रिस्ती राजा नजाशी याच्या आश्रयाला गेले. त्यांना परत न्यायला मक्केचे दूत नजराणे घेऊन दरबारात हजर झाले. तेव्हा हजरत जाफर यांनी उभे राहून निर्वासितांची बाजू मांडली. आम्ही पूर्वी कसे होतो, या प्रेषिताने आम्हाला काय शिकवले आणि आमच्यावर जुलूम का होतो, हे क्रमाने सांगितले. राजाने दोन्ही बाजू ऐकल्या आणि निर्वासितांना दूतांच्या हवाली करण्यास नकार दिला. परधर्मीय न्यायाधीशासमोर, शांतपणे, वस्तुस्थिती मांडून जिंकलेला हा खटला आहे! इस्लामच्या पहिल्या काही वर्षांतला हा विजय तलवारीने मिळालेला नाही, युक्तिवादाने मिळालेला आहे.

आणखी एक गोष्ट. प्रेषित्व मिळण्यापूर्वी तरुण मुहम्मद मक्केतील एका करारात सहभागी झाले होते. 'हिल्फुल फुदूल' हे त्याचे नाव. एका परगावच्या व्यापाऱ्याचे पैसे मक्केतील एका बड्या माणसाने बुडवले, म्हणून काही टोळ्यांनी मिळून शपथ घेतली की मक्केत ज्याच्यावर अन्याय होईल, तो कोणत्याही टोळीचा असो, आम्ही त्याच्या बाजूने उभे राहू. पुढे प्रेषित झाल्यावरही त्या कराराची त्यांनी अभिमानाने आठवण काढली. पीडित कोणाचा आहे हे न विचारता त्याच्या बाजूने उभे राहणे हा, इस्लामच्या परंपरेनुसार, पुण्याचा भाग आहे. दलित-मुस्लिम ऐक्याच्या सभांतून आम्ही घसा कोरडा करतो, त्याचा पाया तिथे चौदाशे वर्षांपूर्वीच घातला गेला आहे.

'जिहाद' हा शब्द तर आज शिवीसारखा वापरला जातो. त्याचा मूळ अर्थ पराकाष्ठेचा प्रयत्न. जुलमी सत्ताधीशाच्या तोंडावर खरे बोलणे हा श्रेष्ठ जिहाद, असे मानणारी परंपरा इस्लाममध्येच आहे. ६८० साली करबलाच्या मैदानात इमाम हुसैन यांनी यझीदची सत्ता मान्य करण्यास नकार दिला आणि मूठभर माणसांनिशी मरण पत्करले. आमच्या विदर्भ-मराठवाड्यात कितीतरी गावांत मोहरमच्या सवारीला हिंदू, बौद्ध, मुसलमान सगळेच खांदा देतात. त्या सवारीचा अर्थ एवढाच की अन्यायाला 'होय' म्हणू नये. तथागतांनी वैराने वैर शमत नाही असे शिकवले. बाबासाहेबांनी त्यावर स्पष्ट केले की अहिंसा हे तत्त्व आहे, डोळे झाकून पाळायचा नियम नव्हे. दोन्ही परंपरांचा निचोड एकच निघतो. मनात द्वेष नको आणि पाठीचा कणा वाकलेलाही नको.

महाडचा दहा वर्षांचा सब्र

आता आमच्या इतिहासाकडे येऊ. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले हे सर्वांना पाठ आहे. डिसेंबर १९२७ मध्ये काय झाले ते फार थोड्यांना आठवते. दुसऱ्या परिषदेला हजारो माणसे जमली होती. त्यांच्या मंडपासाठी महाडचा एकही सवर्ण हिंदू जागा देईना. जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमानाने. मनुस्मृतीचे दहन ज्या परिषदेत झाले, त्या परिषदेच्या पायाखालची जमीन मुसलमानाची होती. हे ऋण आपल्या प्रत्येक घरात सांगितले गेले पाहिजे.

त्या परिषदेच्या तोंडावर विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम आणला. सत्याग्रहाला तयार माणसे हजारांनी होती. बाबासाहेबांनी चिथावणी दिली असती तर तळ्यावर रक्त सांडले असते. त्यांनी सत्याग्रह तहकूब केला, तळ्याला वेढा घालून शिस्तीत मिरवणूक काढली आणि खटला लढवायला घेतला. महाडच्या कोर्टातून निघालेला तो खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. एका ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षे!

याला आम्ही सब्र म्हणतो. राग गिळलेला नाही, राग कामाला लावलेला आहे. तारखेवर तारीख पडली तरी कागद सोडलेला नाही. मधल्या काळात माणसे घरी बसून राहिली नाहीत. मेलेली ढोरे ओढणे सोडले, मृतमांस सोडले, वतनाची गुलामी नाकारली, पोरे शाळेत घातली. बाहेर आंदोलन, आत सुधारणा आणि कोर्टात खटला, अशी ही तिहेरी लढाई होती.

सप्टेंबर २००६ आणि ११ जुलै

हे जुने झाले, आज काय, असे तरुण विचारतील. त्यांच्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातील ताजा इतिहास सांगतो.

८ सप्टेंबर २००६. शुक्रवार आणि शबे-बारात. मालेगावच्या बडा कब्रस्तान परिसरात बॉम्बस्फोट झाले आणि तिसाहून अधिक माणसे मेली. मेलेले मुसलमान, आणि आरोपी म्हणून पकडले तेही नऊ मुसलमानच! त्याच महिन्याच्या २९ तारखेला भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची कत्तल झाली. आमची माणसे रस्त्यावर उतरली तेव्हा त्यांच्यामागे नक्षलवादी असल्याची भाषा सुरू झाली. एकाच महिन्यात एकाच राज्यात एका समाजाला दहशतवादी आणि दुसऱ्याला नक्षलवादी हे शिक्के मारले गेले. शिक्का वेगळा, मारणारा हात तोच.

मालेगावच्या त्या नऊ जणांपैकी सात जण २०११ मध्ये जामिनावर सुटले आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने आरोपींना दोषमुक्त केले. त्यापूर्वी त्यांतला एक जण अपघातात मरण पावला होता. नावावरचा डाग पुसला गेला, गेलेली वर्षे मात्र कोणी परत दिली नाहीत.

११ जुलै ही तारीखही तशीच. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या आमच्या दहा माणसांना राज्य राखीव दलाच्या गोळ्यांनी मारले. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक निरपराध प्रवासी मेले. त्या खटल्यात तेरा जणांवर आरोप होते. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली, तर अब्दुल वाहिद शेख या शाळामास्तराला नऊ वर्षांच्या कारावासानंतर निर्दोष सोडले. तुरुंगात या मास्तरांनी कायद्याचा अभ्यास केला, आपल्या अनुभवावर पुस्तक लिहिले आणि सुटल्यावर घरी न बसता आत राहिलेल्यांसाठी लढत राहिले. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतील एक जण २०२१ मध्येच तुरुंगात असताना कोरोनाने वारला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने, हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले. मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले नाही.

या लढाईत एक नाव आम्हा वकिलांना विसरता येत नाही. ॲड. शाहिद आझमी. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलीत त्यांनी कोवळ्या वयात रक्त पाहिले. संतापाच्या भरात बंदुकीच्या वाटेने काश्मीरकडे गेले. ती वाट पटली नाही म्हणून परतले. १९९४ मध्ये टाडाखाली अटक झाली. तिहार तुरुंगात शिक्षण सुरू केले, २००१ मध्ये सुटले, कायद्याची पदवी घेतली आणि दहशतवादाच्या खटल्यांत अडकवलेल्या गरिबांची वकिली केली. अवघ्या सात वर्षांच्या वकिलीत सतरा जणांना निर्दोष सोडवले. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातील कार्यालयात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. वय अवघे बत्तीस. २६/११ च्या खटल्यात ते ज्या फहीम अन्सारीची बाजू लढवत होते, तो पुढे निर्दोष सुटला आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवले.

"और कितना?" विचारणाऱ्या तरुणांनी या एका आयुष्याकडे पाहावे. त्यात दोन्ही वाटा आहेत. बंदुकीच्या वाटेने एकाही मुसलमानाची बेडी तुटली नाही. वकिलीच्या वाटेने सतरा जणांच्या तुटल्या.

मापदंड एकच हवा

इथे एक कठीण गोष्ट बोलणे भाग आहे. रेल्वे स्फोटाच्या निकालानंतर दहाच दिवसांनी, ३१ जुलै २०२५ रोजी, २००८ च्या मालेगाव स्फोटातील सातही आरोपींना विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी निर्दोष सोडले. त्या स्फोटात सहा जण मेले होते. पहिल्या निकालावर पेढे आणि दुसऱ्यावर शिव्या, किंवा त्याच्या उलट, असा बाजार सर्वत्र भरला. धर्मयुद्ध आणि धर्माचे युद्ध यांतला फरक इथेच कळतो. पुरावा हवा हा नियम फहीमसाठी हवा असेल तर तो सर्वांसाठी हवा. आणि निकाल पटला नाही तर वाट अपिलाची आहे. मालेगावच्या पीडित कुटुंबांनी तीच धरली आणि उच्च न्यायालयात गेले. लोकलमध्ये गेलेल्यांच्या घरीही तोच प्रश्न आहे: आमच्या माणसाला मारले कोणी? त्यांचे दुःख हे दुसऱ्या बाजूचे दुःख नव्हे. एखाद्या समाजाचा राग तुम्हाला अन्यायाकडे ढकलू देऊ नका, आपल्या माणसाविरुद्ध जावे लागले तरी न्यायाची साक्ष द्या, ही कुराणाची शिकवण आहे, असे आमचे मुस्लिम मित्रच आम्हाला सांगतात. ती शिकवण अशाच वेळी पणाला लागते.

कुरेशींचा बंद

धीर आणि लढा एकत्र आले की काय होते याचे एक उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशींचा व्यवसाय कायदेशीर आहे. तरीही गोरक्षणाच्या नावाखाली गाड्या अडवणे, मारणे, पैसे उकळणे सुरू राहिले. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये विदर्भ-मराठवाड्यासह राज्याच्या अनेक भागांत कुरेशी समाजाने काय केले? दगड उचलला नाही. जनावरांची खरेदी-विक्रीच बंद केली. बाजार ओस पडले. भाकड जनावर दावणीला बांधून त्याचा चारा पुरवायचा कसा, हे शेतकऱ्याला कळले. मग शेतकऱ्यांमधूनही आवाज उठला आणि सरकारला कुरेशींच्या प्रतिनिधींना बोलावून बसावे लागले.

महाडनंतर आमच्या बापजाद्यांनी मेलेली ढोरे ओढणे बंद केले तेव्हा गावगाड्याला हाच झटका बसला होता. 'आमच्या कामावर तुमचे घर चालते आणि आम्हालाच मारता? मग करा तुमचे तुम्ही!' हे सांगण्याची ही जुनी, रक्त न सांडणारी आणि नेमकी लागणारी रीत आहे. कुरेशी बांधवांनी ती वापरली, तेव्हा कित्येक आंबेडकरी माणसांना आपली आजी आठवली असेल.

घरातली लढाई

बाहेरच्या शत्रूशी लढणाऱ्याने घरातही पाहावे लागते. बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरील ग्रंथात मुस्लिम समाजातील जातिभेद आणि स्त्रियांची स्थिती यांवर कठोर लिहिले आहे. विरोधक आज ती पाने द्वेषासाठी वापरतात. आम्ही ती हितचिंतकाचा शब्द म्हणून वाचतो. हिंदू समाजाला बाबासाहेबांनी त्याहून शंभरपट कठोर सुनावले होते.

नमाजच्या रांगेत अमीर-फकीर खांद्याला खांदा लावून उभे राहतात. मग सोयरीक जुळवताना सय्यद, पठाण, बागवान, अत्तार, पिंजारी, मेहतर ही रांग का बदलते? आमच्या शेजारच्या जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी हा प्रश्न उचलला आणि मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. दिलीपकुमारांसारखा मोठा कलावंत त्यांच्यासोबत गावोगाव फिरला. या चळवळीमुळे महाराष्ट्रात १९९४ मध्ये मुस्लिम ओबीसी जातींना सवलतींचा शासननिर्णय निघाला. आरक्षण धर्माच्या नावाने मागितले नाही, मागासलेपणाच्या नावाने मागितले, म्हणून ते टिकले. त्याआधी १९६६ मध्ये हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले. त्यांच्या सगळ्या मतांशी सहमत व्हा असे आम्ही म्हणत नाही. पण 'सत्यशोधक' हे फुल्यांचे नाव त्यांनी का घेतले याचा विचार व्हावा. महात्मा फुल्यांना पुन्हा शाळेत घालण्यासाठी गोविंदरावांची समजूत घालणाऱ्यांत गफार बेग मुन्शी होते. आणि फुल्यांनी प्रेषितांवर गौरवपर काव्य लिहिले. देवाणघेवाण जुनी आहे.

अजून एक हक्क बाकी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख दलितांना आणि १९९० मध्ये आम्हा बौद्धांना त्या मिळाल्या. धर्म बदलला म्हणून जातीचे चटके थांबत नाहीत, हा युक्तिवाद करूनच आम्ही तो हक्क मिळवला. आता तोच युक्तिवाद मुस्लिम मेहतर-हलालखोर करतो तेव्हा आपल्यातील काहींच्या कपाळाला आठ्या का पडतात? २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली होती. वाटा कमी होईल ही भीती असेल तर कोटा वाढवून मागू, पण दार लावून घेणे बाबासाहेबांच्या लेकरांना शोभत नाही.

आणि धम्मबांधवांनो, आपल्यालाही एक विचारायचे आहे. दंगलीत पुढे दगड घेऊन कोण धावतो आणि मागे गाडीत बसून फोन कोण करतो? खटला कोणाच्या पोरावर होतो आणि तिकीट कोणाच्या पोराला मिळते? बहुजन पोरांच्या हातातील दगड ही मनुवादाची सर्वांत स्वस्त फौज आहे. आपल्या वस्तीतील एकही पोर त्या फौजेत जाणार नाही, एवढी हमी प्रत्येक विहाराने दिली तर मुसलमानांसाठी आपण मोठे काम केले असे होईल.

करायचे काय?

नुसत्या भाषणांनी पोट भरत नाही. म्हणून कामाच्या गोष्टी सांगतो.

हल्ला झाला, धमकी आली, तर पहिला धावा पोलीस ठाण्याकडे. दखलपात्र गुन्हा नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. हद्द आमची नाही हे कारण चालत नाही. तक्रार घेतली नाही तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांकडे आणि तिथेही दाद नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. प्रत्येक कागदाची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे वाऱ्यावर बोललेला शब्द.

पोराला उचलून नेले तर घाबरून पुढाऱ्याच्या बंगल्यावर जाऊ नका. संविधानाच्या बाविसाव्या कलमाने अटकेचे कारण सांगणे, आवडीचा वकील मिळणे आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे हे हक्क दिले आहेत. कारण न कळवता केलेली अटक बेकायदा ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्येही बजावले. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समिती आहे. झुंडीच्या हिंसेसाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमण्याचा आदेश २०१८ चा आहे. त्याचे नाव माहितीच्या अधिकारात विचारा. घर पाडण्यापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी हवी, हे नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने स्पष्ट झाले आहे. नोटीस आली की त्याच दिवशी वकील गाठा, शेवटच्या रात्री नव्हे.

पोरांना सांगा, रात्री बारा वाजता रागाच्या भरात टाकलेला एक स्टेटस अख्ख्या मोहल्ल्याची दुकाने बंद पाडू शकतो. ज्याला तुम्ही भडकावे असे वाटते त्याच्या मनासारखे वागणे याला शौर्य म्हणत नाहीत.

उलेमांना नम्रपणे एक सुचवतो. जकातीच्या हक्कदारांत गुलामांची मान सोडवणे आणि कर्जदाराला मदत करणे यांचा समावेश आहे असे आम्ही ऐकतो. आज जामिनाचे काही हजार रुपये नाहीत म्हणून कच्च्या कैदेत सडणारा गरीब, मग तो कोणत्याही धर्माचा असो, कोणत्या वर्गात बसतो याचा विचार व्हावा. निर्णय त्यांचाच. जमियत उलेमाच्या महाराष्ट्रातील कायदा विभागाने, दिवंगत गुलजार आझमींच्या देखरेखीखाली, अनेक खटल्यांचा खर्च उचलून एक रस्ता दाखवला आहे. तसेच काम तालुक्या-तालुक्यात लहान प्रमाणात का होऊ नये? प्रत्येक मोहल्ल्यातून दोन मुले आणि दोन मुली कायद्याच्या शिक्षणाला पाठवा. मुली जरूर पाठवा. पोलीस ठाण्याच्या दारात बुरख्यातली वकील उभी राहिली की निम्मी अरेरावी तिथेच गळून पडते.

पैगंबरांच्या सोबत्यांनी परधर्मीय राजाच्या दरबारात न्याय मागितला. बाबासाहेबांनी इंग्रजांच्या कोर्टात पाण्याचा हक्क जिंकला. आपल्याला तर न्याय मागायला ना समुद्र ओलांडायचा आहे, ना परक्या राज्यात उभे राहायचे आहे. आपल्या हातात आपलेच संविधान आहे. ते मोडकळीला आणण्याचे प्रयत्न रोज होत असतील, तर ते रोज वापरणे हाच त्यावरचा उपाय. वापरातल्या वाटेवर गवत उगवत नाही.

मुस्लिम बांधवांनो, सब्र जरूर करा. पण हातात अर्जाची पोच, डोक्यात कलम आणि शेजारी निळा झेंडा घेतलेला भाऊ असू द्या. फत्तेखानांची जमीन आम्ही विसरलेलो नाही.

जय भीम! जय संविधान!